विनोबांच्या वाट्याची कलमे

नागपूरहून वर्ध्याला निघालेली एस.टी. बुटीबोरी मागे टाकते, थोड्या वेळाने जिल्ह्याची हद्द येते, मग केळझर आणि त्यानंतर आमचे सेलू. या वाटेवर मी लहानपणापासून एक गंमत पाहत आलो आहे. नागपूर जिल्ह्यात परवानाधारक दुकानातून रीतसर पावती घेऊन विकत घेतलेली बाटली पिशवीत ठेवून एखादा गृहस्थ निवांत बसलेला असतो. हद्द जवळ आली की तो अस्वस्थ होतो. पिशवी पायाखाली सरकते, तिच्यावर वर्तमानपत्र येते. बाटली तीच, माणूस तोच, पावतीही तीच. पण वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे हद्दीचा दगड ओलांडताच तो गृहस्थ गुन्हेगार होतो. दगडाच्या अलीकडे ग्राहक, पलीकडे आरोपी!

बँकेतील नोकरीची तीन तपे आणि कादंबरीलेखनाची काही वर्षे मी एकाच प्रश्नाशी झटापट करण्यात घालवली. गुन्हा म्हणजे नेमके काय? पाप म्हणजे काय ते कीर्तनकार सांगतात, चूक म्हणजे काय ते आई सांगते. गुन्हा म्हणजे काय हे मात्र कायदाच सांगतो, आणि त्याचे उत्तर फार कोरडे आहे. कायद्याने जी कृती किंवा जी टाळाटाळ शिक्षेस पात्र ठरवली तो गुन्हा. बस्स. त्यात चांगले-वाईट असा शब्दही नाही.

या कोरड्या उत्तराला एक माणूस आयुष्यभर धडकत राहिला, आणि तो आमच्या सेलूपासून सायकलच्या अंतरावर राहत होता. धाम नदीच्या काठी, पवनारच्या टेकडीवर. आचार्य विनोबा भावे. त्यांना आपण गीताईसाठी ओळखतो, भूदानासाठी ओळखतो. पण त्यांच्या आयुष्याकडे फौजदारी कायद्याच्या बाजूने पाहिले, तर एक वेगळाच माणूस दिसतो. कधी भटक्या म्हणून तुरुंगात गेलेला, कधी एका भाषणासाठी गेलेला, कधी कोणताही गुन्हा न करता तीन वर्षे कोंडलेला, दरोडेखोरांची शस्त्रे खाली ठेवायला लावणारा, आणि शेवटी स्वतःच एका कलमाच्या उंबरठ्यावर देह ठेवणारा.

मेकॉलेचा तक्ता

आधी या कलमांच्या घराची थोडी ओळख करून घेऊ. १८३४ साली थॉमस मेकॉले हिंदुस्थानात आला आणि पहिल्या विधी आयोगाचा अध्यक्ष झाला. १८३७ मध्ये त्याने दंडसंहितेचा मसुदा सरकारला सादर केला. तो पुढची वीसहून अधिक वर्षे धूळ खात पडला. १८५७ चा उठाव झाला, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, आणि मग १८६० साली भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. कलमे ५११. मेकॉलेला मात्र आपले अपत्य पाहायला मिळाले नाही. आदल्याच वर्षी, १८५९ च्या डिसेंबरात तो वारला होता.

ही संहिता तयार करणाऱ्यांचा व्याख्येवर भारी जीव. चोरीचेच घ्या. आमच्या सेलूकडे एके काळी केळीच्या बागा प्रसिद्ध होत्या. झाडाला लोंबणारा केळीचा घड ही जमिनीला चिकटलेली वस्तू, म्हणून तो तिथे असेतोवर त्याची चोरी होऊच शकत नाही. कोयत्याचा घाव बसून घड झाडापासून सुटला, की तो जंगम झाला आणि त्याच क्षणी चोरीला पात्र झाला. घड नेताना मालकाला मारले किंवा मारण्याचा धाक घातला, तर ती जबरी चोरी. हेच काम चौघांनी केले तरी जबरी चोरीच. पाचवा माणूस सामील झाला, की त्याचे नाव दरोडा. बोटावर मोजण्याएवढ्या फरकाने शिक्षेची वर्षे बदलतात.

संहितेच्या जोडीला फौजदारी प्रक्रियेचा कायदा. त्याच्या शेवटी एक लांबलचक तक्ता जोडलेला असतो. बँकेतल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो, कारण तो अगदी खतावणीसारखा आहे. प्रत्येक गुन्ह्यासमोर रकाने. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येईल का? येत असेल तर दखलपात्र, नाही तर अदखलपात्र. जामीन हक्काने मिळेल की न्यायाधीशांच्या मर्जीने? त्यावरून जामीनपात्र की अजामीनपात्र. खटला कोणत्या न्यायालयापुढे चालेल? गावात दोघांची झोंबाझोंबी झाली, एकाने दुसऱ्याच्या थोबाडीत दिली, तर ठाण्यात नुसती नोंद होते आणि कोर्टात जायला सांगतात. तक्रारदार चिडतो, पोलीस विकले गेले म्हणतो. बिचारा हवालदार तक्त्यातल्या रकान्याप्रमाणे वागत असतो.

या तक्त्यात माणसे बसवता येतात. विनोबा काही त्यात नीट बसेनात.

उपजीविकेचे साधन काय?

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावचा. वडील बडोद्याला नोकरीत, त्यामुळे शिक्षण तिथले. गणितात बुद्धी विलक्षण. पण प्रमाणपत्रांवर जीव नाही. आई रुक्मिणीबाईंच्या चुलीसमोर बसून या मुलाने आपली सारी प्रमाणपत्रे एकेक करून जाळली. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. तिथे गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाची चर्चा कानी आली, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. विनायकाचा विनोबा झाला तो तिथे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना वर्ध्याला धाडले. ८ एप्रिल १९२१ ला विनोबा वर्ध्यात आले आणि मग या जिल्ह्याचेच झाले.

दोन वर्षांनी नागपूरचा झेंडा सत्याग्रह आला. तिरंगी झेंडा घेऊन चालणे हा काही दंडसंहितेत गुन्हा नव्हता. पण मिरवणूक गोऱ्या साहेबांच्या सिव्हिल लाईन्समध्ये न्यायची नाही, असा हुकूम निघाला होता. हुकूम मोडणे हा गुन्हा. म्हणजे आमच्या बाटलीसारखेच झाले. एका रेषेच्या अलीकडे झेंडा हे नुसते फडके, पलीकडे पुरावा. १ मे १९२३ पासून देशभरातून माणसे नागपूरला येत राहिली, ती रेषा ओलांडत राहिली आणि तुरुंगात जात राहिली. जमनालालजी पकडले गेले, नेतृत्वासाठी वल्लभभाई पटेल आले. विनोबाही पकडले गेले.

आणि त्यांना कलम कोणते लागले? प्रक्रिया संहितेचे १०९. राजद्रोह नाही, हुकूमभंग नाही. हे कलम उडाणटप्पूंसाठी होते. ज्याच्या उपजीविकेचे दृश्य साधन नाही, किंवा जो स्वतःविषयी समाधानकारक माहिती देऊ शकत नाही, अशा माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागायचा आणि तो न दिला तर कोठडीत टाकायचे, अशी त्यातली सोय. नीट पाहिले तर हे गुन्ह्याचे कलमच नव्हे. माणसाने काही केले म्हणून ते लागत नाही. उद्या तो काही करील या संशयाने लागते.

राजकीय कैद्याला मिळणारी वागणूक त्यामुळे विनोबांच्या वाट्याला आली नाही. भुरट्यांबरोबर बसून त्यांनी खडी फोडली. सरकारचा हेतू अपमानाचा होता हे उघड आहे. मला मात्र यात एक वेगळीच गंमत दिसते. विनोबांच्या उपजीविकेचे दृश्य साधन खरोखरच नव्हते! पगार नाही, शेती नाही, बँकेत खाते नाही. सूत कातायचे, मिळेल ते खायचे आणि शिकवायचे. मी कर्जाचे अर्ज तपासत असतो आणि विनोबा समोर येऊन बसले असते, तर उत्पन्नाच्या रकान्यात मलाही रेघ मारावी लागली असती. कायद्याच्या व्याख्येत ते शब्दशः बसत होते. चूक माणसात नव्हती, व्याख्येत होती. गरीब असणे आणि संशयित असणे यांत तिने भेदच ठेवला नव्हता.

किती हजार निरुपद्रवी भणंग माणसे या एका वाक्यापायी दगड फोडून गेली असतील, याचा हिशेब कुठल्याच खतावणीत नाही. स्वातंत्र्यानंतरही ते वाक्य जिवंत होते. १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेत १०९ कलम उरले, पण उपजीविकेच्या साधनाचा भाग त्यातून गळाला. विनोबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि अजूनही त्यांच्यापाशी दृश्य साधन नव्हते.

कैद्यांच्या जाती

कायदा गुन्ह्यांचे वर्ग पाडतो तसे तुरुंग कैद्यांचे पाडतो. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी कैद्यांच्या वागणुकीसाठी उपोषण करून १९२९ च्या सप्टेंबरात प्राण दिले. त्यानंतर सरकारने १९३० मध्ये कैद्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग केले. ते वर्ग गुन्हा पाहून ठरत त्याहून अधिक घर, शिक्षण आणि राहणी पाहून ठरत. एकाच सभेत पकडलेले दोघे, त्यात वकिलाला खाट आणि पुस्तके, शेतमजुराला घोंगडी आणि चक्की.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांनी कष्टाचे काम टाळले नाही, उलट शरीरश्रमाशिवाय खायचे नाही हा आपला आश्रमातला नेम तुरुंगातही चालवला. दर रविवारी ते गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकायला राजकीय कैदी, समोर बसून भराभर लिहून घ्यायला साने गुरुजी. ती गीता-प्रवचने आज देशातल्या कितीतरी भाषांत वाचली जातात. सरकारने ज्याला गुन्हेगार म्हणून आत ठेवले, त्याच्या रविवारांची ही कमाई!

पुढे १९४० साल उजाडले. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि हिंदुस्थानला न विचारता त्यात ओढले गेले होते. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाची योजना आखली आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले. तोवर देशातल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेही नव्हते. १७ ऑक्टोबरला पवनारला त्यांनी युद्धविरोधी भाषण केले. त्यानंतर गावोगाव बोलत गेले आणि २१ ऑक्टोबरला देवळी येथे त्यांना पकडण्यात आले. तीन महिन्यांची शिक्षा झाली. दुसरे सत्याग्रही पंडित नेहरू. त्यांनाही भाषणांसाठीच पकडले आणि गोरखपूरच्या न्यायालयाने चार वर्षांची सक्तमजुरी ठोठावली.

दोघांची चळवळ एक, विषय एक, अहिंसेची शपथ एक. एकाला तीन महिने आणि दुसऱ्याला चार वर्षे! कायद्याचा तक्ता कितीही रेखीव असला तरी शेवटी एक माणूस खुर्चीत बसून आकडा भरतो, हे या एका उदाहरणावरून लक्षात यावे. आणि मुळात युद्धाविरुद्ध बोलणे हा गुन्हा तरी केव्हापासून? युद्धासाठी भारत संरक्षण नियम झाले तेव्हापासून. काही गुन्हे जगाच्या पाठीवर कुठेही आणि कधीही गुन्हेच असतात. खून घ्या, बलात्कार घ्या. काही गुन्हे मात्र सरकारच्या गरजेतून जन्मतात आणि गरज संपली की मरतात.

१९४२ ला तर तेवढाही प्रश्न उरला नाही. छोडो भारतच्या ऑगस्टमध्ये विनोबांना उचलले आणि आधी वेल्लोर, मग सिवनी अशा तुरुंगांत १९४५ पर्यंत ठेवले. आरोप नाही, खटला नाही, कलमही नाही. स्थानबद्धता. गुन्ह्याच्या साऱ्या व्याख्या पाठ असलेल्या राज्यकर्त्यांनी तीन वर्षे व्याख्येला सुटी दिली होती. विनोबांनी त्या काळात दक्षिणेकडच्या भाषा शिकून घेतल्या.

पाचवा माणूस

स्वातंत्र्य आले. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा तेलंगणाकडे पायी निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले ते तेरा वर्षे चालले. चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन कागदावर मिळाली. तिच्यातली पुष्कळशी खडकाळ निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही, काही वादात अडकली. हे सगळे आता सर्वज्ञात आहे. मला सांगायचा प्रसंग निराळा आहे.

चंबळच्या खोऱ्यात मानसिंगची टोळी गाजत होती. १९५५ मध्ये तो पोलिसांच्या गोळीने मेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन नैनी तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र पाठवले आणि मरण्यापूर्वी भेटीची इच्छा कळवली. विनोबा तेव्हा काश्मीरच्या पदयात्रेत होते. त्यांनी आपल्याबरोबर असलेले मेजर जनरल यदुनाथसिंह यांना पाठवले. बोलणी पुढे गेली आणि १९६० च्या मे महिन्यात विनोबा स्वतः भिंड-मुरैनाच्या त्या बेहडांत उतरले. बरोबर हत्यारी बंदोबस्त नको असा त्यांचा आग्रह. वीस जणांनी त्यांच्यासमोर बंदुका ठेवल्या. त्यांत लुक्का ऊर्फ लोकमन दीक्षित हा नामांकित दरोडेखोरही होता.

इथे कायद्याचा खरा पेच सुरू झाला. दरोडा, दरोड्यासह खून, खंडणीसाठी अपहरण. तक्त्यातले सर्वांत वजनदार रकाने या माणसांच्या नावावर होते. पोलीस खात्यातले वरिष्ठ नाराज झाले, आणि ती नाराजी अगदीच अनाठायी नव्हती. ज्या शिपायांनी या टोळ्यांशी लढताना जीव गमावला त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? ज्यांच्या घरातली माणसे या बंदुकांनी मारली, त्यांना हा सोहळा कसा पाहवेल? लुटारूंचे संत करू नका, असा सूर उमटला.

विनोबांनी शिक्षा माफ करवून देण्याचे वचन कोणालाही दिले नव्हते, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. माणसे शरण आली ती न्यायालयात उभी राहण्यासाठी. खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या, काही सुटले. तहसीलदारसिंगची फाशी राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे याच खोऱ्यातले शेकडो दरोडेखोर शरण आले, त्याची पायवाट विनोबांनी पाडून ठेवली होती.

कायदा पाचवा माणूस मोजतो आणि चोरीचा दरोडा करतो. ते आवश्यकच आहे, कारण टोळी ही एकट्या माणसापेक्षा भयंकर. पण हा पाचवा माणूस टोळीत आला कसा, हे तक्त्यात लिहिलेले नसते. जमिनीचा तंटा, भाऊबंदकी, एक खून, त्याचा सूड आणि मग बेहड. विनोबांना तो न लिहिलेला रकाना वाचायचा होता.

उपवासाचे दोन हेतू

उतारवयात विनोबा पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात स्थिरावले. १९७४ च्या २५ डिसेंबरपासून वर्षभर मौन. त्यात आणीबाणी आली आणि त्यांनी ती शिस्तीचे पर्व असल्याचा अर्थ लावला गेला. त्यावरून लोक त्यांच्यावर फार रागावले, आमच्या घरातही वाद झाले. पण त्याच आणीबाणीत, १९७६ साली त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपवासाचा निश्चय जाहीर केला, तेव्हा तो छापणाऱ्या आश्रमाच्या मैत्री मासिकाचे अंक पोलिसांनी पवनारला येऊन जप्त केले. १९७९ च्या २२ एप्रिलला केरळ आणि बंगालातील गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपवास आरंभला आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या आश्वासनानंतर २६ तारखेला सोडला.

मग १९८२ चा नोव्हेंबर. ५ तारखेला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी प्रकृती सावरू लागली होती असे डॉक्टर म्हणत होते. पण ८ तारखेपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध, तिन्ही नाकारले. वय सत्याऐंशी. देह जीर्ण झाला, आता तो ठेवायचा, एवढेच. कोणाकडे मागणी नाही, कोणावर रोष नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. सेलूहून सायकलने पवनार गाठले तर पुलापासूनच माणसांची रीघ. पोलीस होते, पण गर्दी आवरायला. १५ तारखेला, ऐन दिवाळीत, विनोबा गेले.

परतताना माझ्याबरोबरच्या कायदा शिकणाऱ्या मित्राने एक प्रश्न काढला आणि मला तो तेव्हा अभद्र वाटला. दंडसंहितेचे कलम ३०९ होते ना? आत्महत्येचा प्रयत्न, एक वर्षापर्यंत साधी कैद. दखलपात्र गुन्हा. मग त्या आठ दिवसांत पोलिसांनी काय करायला हवे होते? आणि जवळ बसलेल्या शिष्यांचे काय? आत्महत्येला साहाय्य करणे हा तर त्याहून कितीतरी जड गुन्हा. मी त्याच्यावर ओरडलो होतो.

त्याचे उत्तर पुढे वर्षानुवर्षे न्यायालये शोधत राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात ३०९ कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच म्हटले आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरवून कलम पुन्हा जिवंत केले. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांच्या संथारा व्रताला आत्महत्या ठरवले, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कृती तीच, अन्न सोडण्याची. पण व्रत म्हणायचे की गुन्हा, हे मनातल्या हेतूवर. आणि मन वाचायचे यंत्र कुठल्याच कोर्टात बसवलेले नाही.

बाकावरची संध्याकाळ

मित्राच्या प्रश्नाकडे मला पुन्हा वळावे लागले ते २००६ च्या आसपास. विदर्भातल्या एका खेड्यातील शाखेत मी होतो. शाखेचे नाव सांगत नाही, त्या शेतकऱ्याचेही नाही. कापूस दोन वर्षे बुडालेला, मुलीचे लग्न ठरलेले. कर्ज थकणे हा गुन्हा नसतो, ती दिवाणी बाब, हे मला ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते. वसुलीची छापील नोटीस माझ्याच सहीने गेली होती आणि तिच्यातली कायदेशीर कारवाई ही दोन अक्षरे वाचून तो बेड्यांची वाट पाहू लागला होता. ते मी त्याला समजावून सांगितले नव्हते. एके दुपारी त्याने औषध घेतले. शेजाऱ्याने पाहिले, बैलगाडीतून रस्त्यावर आणले, तिथून जीपने तालुक्याला, आणि तो वाचला.

शुद्धीवर आला तर खाटेजवळ शिपाई. ३०९. ज्या बेड्यांच्या भीतीने तो मरायला निघाला, त्या कर्जामुळे येणारच नव्हत्या. जगला म्हणून मात्र गुन्हा दाखल झाला. हे कलम मोठे अजब होते. साऱ्या दंडसंहितेत हा असा गुन्हा, की तडीस गेला तर शिक्षा नाही आणि फसला तर आहे.

पुढे तारखा पडल्या. वकिलाने त्याला कबूल करून मोकळे व्हायला सांगितले. न्यायाधीशबाई समंजस होत्या. त्यांनी न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि किरकोळ दंड एवढ्यावर भागवले. मी रजा टाकून गेलो होतो. तो कोर्टाच्या बाकावर दिवसभर हात मांडीवर ठेवून बसला, मी त्याच्या शेजारी. मध्येच त्याने मला हळूच विचारले, की साहेब, मी नक्की कोणाचं काय नेलं? मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा मला पवनारचा तो नोव्हेंबर आठवला. एक माणूस देह ठेवायला निघाला तेव्हा हजारो लोक हात जोडून उभे होते आणि कायदा पुलाशी थबकला होता. दुसरा तेच करायला निघाला तेव्हा कायदा त्याच्या खाटेपाशी येऊन बसला. विनोबांचे जाणे तृप्तीचे होते, या माणसाचे निघणे हताशेचे, हा फरक मला कळत होता. पण मग शिक्षेची गरज हताश माणसाला होती काय? त्याला कोणीतरी ती नोटीस समजावून सांगण्याची गरज होती. त्यासाठी कलम नव्हते. ते काम माझे होते.

त्यानंतर कायदा हलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने धरून चालायचे ठरवले, की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली असतो, त्याच्यावर खटला भरू नये आणि त्याच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारने घ्यावी. १ जुलै २०२४ पासून मेकॉलेची संहिता गेली आणि ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा उरलेला नाही. ३०९ हा आकडा आता जबरी चोरीला मिळाला आहे. मात्र कलम २२६ म्हणून एक फांदी ठेवली आहे. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कर्तव्याबाबत भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर तो गुन्हा. म्हणजे आजच्या कायद्याने तोलायचे झाले, तर विनोबांच्या १९८२ च्या प्रायोपवेशनाला कलम नाही, पण १९७९ च्या गोरक्षणाच्या उपवासापाशी वकील दोन्ही बाजूंनी वाद घालतील! हा माणूस नव्याही तक्त्यात नीट बसत नाही.

तो शेतकरी आज सत्तरीला आला आहे. मुलीचे लग्न तेव्हाच झाले, नातू आता नागपूरला कायदा शिकतो. मागच्या दिवाळीत आजोबाला घेऊन तो आमच्या सेलूच्या घरी आला होता. चहा झाल्यावर म्हातारा म्हणाला, की पवनार कधी पाहिले नाही, जाऊन येऊ. आम्ही तिघे गेलो. धामच्या पात्रात पाणी बरे होते. नातू आजोबाला टेकडीच्या पायऱ्या हात धरून चढवत होता, आणि मी मागून त्याची वहाण सांभाळत येत होतो.